अजून वाटेत असलेलं पाणी

मित्रांनो, चाकणला कंपन्या आल्या नव्हत्या तेव्हापासूनची मी एक जुनी विहीर आहे. या रानाची मालकीण अंबुबाई, तिच्या सासऱ्यांनी सुरुंग लावून मला खोदलं. चाळीस फुटांवर झरा फुटला, तेव्हा गूळ वाटला होता. तुम्हाला वाटतं, विहिरीत पाणी साठून राहतं. छे! ते वरच्या अंगाच्या भेगांमधून येतं, माझ्यात जरा टेकतं आणि खालच्या भेगांतून उताराला चालू लागतं. दिवसाला जेमतेम वीतभर.

पुढे उताराला, दोनशे पावलांवर, घरापाशी बोअर मारली. मी आटले. आधी वाईट वाटलं, मग काहीच वाटेनासं झालं.

अंबुबाईच्या मुलाने, खंडूने, माझ्या शेजारी लेथचं शेड टाकलं. लोखंड कापताना वापरतात ते दुधाळ तेलपाणी, कूलंट, खराब झालं की न्यायला गाडी बोलवावी लागते. कोण बोलवत बसतं! दोन वर्षं तो पिंपंच्या पिंपं माझ्यात रिकामी करत होता. पहिल्यांदा घुसमटले. नंतर तेही नाही.

यंदा खंडूची बायको नीला बाळंत झाली. आमच्याकडे सव्वा महिन्याने बाळंतीण विहीर पुजते. बोअरच्या बटणाला हळदकुंकू लावू काय, म्हणत अंबुबाई सुनेला माझ्याकडेच घेऊन आली. नीलाने वाकून पाहिलं आणि नाकाला पदर लावला. अंबुबाईनेही वाकून हुंगलं; वास ओळखीचा होता. दोन महिने बोअरच्या पाण्याला वास येत होता. मोटारीचं तेल गळतंय म्हणून मोटार बदलून झाली होती. बाळाचं अंग पुरळाने भरलं, तर दोष साबणाला दिला होता.

तिने खंडूला शेडमधून बोलावलं.

"ह्योच वास बोअरला हाय."

"आये, कोरडी विहीर ती. पाणीच न्हाई, तर जाणार कुठं?"

"मग तू वतलंस ते कुठं गेलं?"

खंडूने तळ पाहिला. तळाशी काहीच नव्हतं. त्याने मान वळवून उताराला, बोअरकडे पाहिलं. नारळ नीलाच्या हातात तसाच राहिला.

त्या दिवसापासून त्याने थेंब ओतलेला नाही. बाळाला टँकरच्या पाण्याने अंघोळ घालतात. पुरळ उतरतंय. अंबुबाई मात्र रोज सकाळी बोअरची बादली भरते, हुंगते आणि ओतून देते. आज वास कमी झाला असेल, असं तिला वाटतं.

मित्रांनो, कोरड्या खड्ड्यात काही ओतण्याआधी उताराला कोण राहतं ते बघत जा. अंबुबाईच्या बादलीत आज येतंय ते पहिल्या पिंपांचं आहे. बाकीचं सगळं अजून वाटेत आहे, आणि मला ते परत बोलावता येत नाही.