बारदानात गेलेले वीस किलो

मी व्यायामशाळेतला लोखंडी दांडा बोलतोय. दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा अडकवून लोक जमिनीवरून उचलतात, तोच मी. सात फूट लांबी, वीस किलो वजन. हे वीस किलो तेवढे ध्यानात ठेवा. माझं सगळं रामायण त्यांचंच आहे.

माझा जन्म अकोल्याचा. एमआयडीसीतल्या एका लेथवर मला कातलं, हाताला पकड मिळावी म्हणून अंगावर खरखरीत रेघा पाडल्या, आणि अमरावतीच्या शेषरावांनी मोठ्या कौतुकानं मला आपल्या व्यायामशाळेत आणलं.

शेषराव जन्मभर बाजार समितीत मापारी होते. माल तोलायचा आणि पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन वजा करायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. व्यायामशाळेतही त्यांनी पहिल्याच दिवशी कायदा करून टाकला, "दांडा म्हंजे बारदान. बारदानाचं वजन धरत नसतेत." झालं! माझे वीस किलो गेले रिकाम्या पोत्यात. एकदा एका पोट्ट्यानं मोबाइलवर पाहून "उस्ताद, दांडाही धरतेत म्हणे" असं सुचवून पाहिलं, तर त्याच्या वाट्याला शंभर बैठका आल्या. पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही. मला राग यायचा, पण लोखंडाच्या रागाला विचारतो कोण?

अशात एके सकाळी करिश्मा आली. वलगावची पोर, वीस वर्षांची. आई बेबीताई भाजी पिकवते आणि अमरावतीत आणून विकते. करिश्मानं आल्या आल्या विचारलं, "काका, दीड क्विंटल उचलाले किती दिवस लागतीन?"

"दिवस? वर्सं इचार. तीन लागतीन. मधात खाडे केले त चार."

"चार नाई जमत, काका. अकोल्याच्या स्पर्धेत दीडशे किलो उचललं त राज्याच्या स्पर्धेत जागा भेटते. वयाचे तेवीस पुरे झाले का गट सुटते माहा."

शेषरावांनी तिला नुसता मला उचलायला लावलं, प्लेटांशिवाय. पाठ सरळ ठेवून तिनं उचललं. भिंतीवर तिचं नाव लिहून त्याखाली खडूनं त्यांनी आकडा टाकला, शून्य.

"येवढं उचललं न म्या?" ती हिरमुसून म्हणाली.

"बारदान उचललं."

मला वाटलं, ही काही परत येत नाही. जानेवारीत असे पुष्कळ येतात, आरशात दंड पाहतात आणि होळीपर्यंत गायब होतात. ही मात्र दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला हजर.

पहिलं वर्ष भराभर गेलं. दर काही दिवसांनी प्लेटा वाढत होत्या, भिंतीवर शून्याखाली एकाखाली एक आकडे वाढत ऐंशीपर्यंत आले. तिला वाटलं, असंच चालणार. पण वजनाचं गणित सरळ नसतं हो! दुसऱ्या वर्षी सव्वा किलोच्या, पापडाएवढ्या प्लेटेसाठी महिना महिना जायला लागला. मध्येच डेंग्यू झाला आणि सहा महिन्यांची कमाई पंधरा दिवसांत गेली. ती बरी होऊन आली, गेलेलं वजन मुकाट्यानं पुन्हा मिळवायला लागली. वजन उचललं नाही की पोरं मला लाथ मारतात. हिनं कधी मारली नाही. ती माझ्यावर हात ठेवायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा वाकायची. खोटं कशाला बोलू, मी या पोरीवर जीव टाकला होता.

एकदा बेबीताई भाजी विकून तिला न्यायला आल्या. थोडा वेळ पाहून म्हणाल्या, "माय, टोपलं उचलतानी पाय कसे रोवतं तू? तसे रोव न." त्या दिवशी भिंतीवरचा आकडा अडीच किलोनं वाढला. शेषराव उगाच खाकरले.

तिसऱ्या वर्षी दिवाळीत भिंतीवर एकशे तीस लागले. आणि तिथंच घोडं अडलं. दीडशेच्या प्लेटा लावून तिनं तीनदा उचलून पाहिलं. तिन्ही वेळा वजन गुडघ्याशी थांबलं. स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली. "मी नाई येत, काका. तीन वर्सं मातीत गेले माहे."

माझा जीव नुसता तुटत होता. अगं वेडे, दिवाळीतच दीडशे उचललेस की तू! एकशे तीस किलो प्लेटांचे आणि वीस माझे! पण मला वाचा कुठली?

"चाल तरी," शेषराव हळूच म्हणाले. "जेवढं उचलते तेवढं उचलू, चहा पेऊ, वापस येऊ."

स्पर्धेत सरावासाठी दांडे कमी पडत होते, म्हणून टेम्पोतून मीही निघालो आणि इतक्या वर्षांनी माझ्या जन्मगावी पोचलो. सरावाच्या कोपऱ्यातून मंच समोरच दिसत होता.

पहिल्या उचलीला करिश्मानं एकशे वीस सांगितले. वजन असं सट्‌कन वर आलं की तिचा तोलच जायचा राहिला. ती तणतणत खाली आली. "काका, कमी वजन लावून राह्यले हे लोक!"

मापारीच ते, मापाला धक्का कसा सोसतील? शेषराव तडक पंचांच्या टेबलावर गेले. "माप चुकलं तुमचं!"

केशवराव नावाचे पंच शांतपणे म्हणाले, "दांडा धरून बरोबर एकशे वीस आहे, काका."

"दांडा कावून धरता? बारदान धरतेत का कुठी?"

"पोतं फेकून देता येते, काका. दांडा त पोरीलेच उचला लागते न?"

शेषरावांनी बोटांवर काहीतरी मोजलं, मग वळून थेट माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं माझं वजन केलं.

"करिश्मा," त्यांनी हाक मारली, "दिवाळीपासून तू दीडशेच उचलून राह्यली, माय."

दुसऱ्या उचलीला तिनं दीडशे मागितले, आणि उचलले. शेषरावांनी डोळे पुसले, लपवलेही नाहीत. तिसऱ्याला पोरीनं एकशे सत्तर मागितले. ते गुडघ्याशीच अडले, आणि ती हसत खाली आली. आता त्यालाही वेळ लागेल; किती, ते ती विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव ओलं फडकं आणि खडू घेऊन भिंतीपाशी उभे राहिले. खालून वर एकेक आकडा पुसत गेले, प्रत्येकात वीस मिळवत गेले. पार वरच्या शून्याशी त्यांचा हात थांबला.

"हे म्या चुकीचं लिवलं होतं, पोरी."

आता मी जुना झालोय, रेघा झिजल्यात. माझं एकच मागणं आहे. उद्या कोणी नवखी पोर येईल आणि फक्त मला उचलून दमेल. तिच्या नावाखाली शून्य लिहू नका. करिश्माच्या नावाखाली आता सगळ्यात वर वीस आहेत.