जखमेतले मणी

माझं चपला-बुटांचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांच्या पायाशी बसलोय. मधुमेहाचं गिऱ्हाईक आलं की बूट दाखवायच्या आधी माझं प्रवचन सुरू. "रोज आरसा धरून तळवा बघायचा. बुटात पाय घालण्याआधी हात फिरवायचा." आणि हाच शहाणा बुटात वर आलेला खिळा घेऊन आठवडाभर हिंडला. माझाही पाय साखरेने बधिर झालेला, त्याला काही कळलंच नाही. रक्ताने भिजलेला मोजा बायकोने पाहिला. मी "ओरखडा आहे" म्हणून तिला उडवून लावलं आणि गुपचूप ब्लेडने कोरत बसलो.

पुढे हाडापर्यंत सडलं. डॉक्टरीणबाईंनी ते खरवडून काढलं आणि खड्ड्यात औषधाचे बारीक पांढरे मणी भरले, वाटाण्याहून लहान. घरी सोडताना त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या पायाला रक्तच धड पोचत नाही, पोटात घेतलेलं औषध कुठून पोचणार? म्हणून ते जखमेतच ठेवलंय. मणी आपोआप विरघळतील. पांढरं पाणी येईल, घाबरायचं नाही. वरची पट्टी तेवढी बदला. पुन्हा घरी काही उद्योग केलेत, तर मी या पायाला हात लावणार नाही. मग तो कापायलाच लागेल."

हे मला नंतर बायकोकडून कळलं. त्या बोलत होत्या तेव्हा समोरच्या बाकावर माझं एक जुनं गिऱ्हाईक बसलं होतं, आणि मी वर्तमानपत्रात तोंड लपवून "हो, हो" करत होतो. घरी बायकोने विचारलं, "ऐकलंत ना नीट?" मी खेकसलो, "मी काय बहिरा आहे?"

चौथ्या दिवशी पट्टी पांढऱ्या पाण्याने भिजली. मला वाटलं, पू झाला. बायकोला सांगायची लाज वाटली. न्हाणीघराला आतून कडी लावली आणि कोमट पाण्याने जखम चांगली धुऊन काढली. पांढरे दाणे घरंगळत गेले. घाण गेली म्हणून मी खूश.

संध्याकाळी मोरीच्या जाळीत अडकलेले दाणे तळहातावर घेऊन बायको माझ्यासमोर उभी राहिली. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, ते तिने शब्दन्‌शब्द सांगितलं.

सकाळी दवाखान्यात पट्टी सुटली. "मणी कुठे गेले? कोणी धुतलं हे?" डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मी धुतलं," बायको म्हणाली. "मला वाटलं, पू आहे."

नर्ससमोर, चार पेशंटांसमोर त्यांनी तिला फैलावर घेतलं. नवऱ्याचा पाय घालवायचाय का, इथपर्यंत बोलल्या. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी भिंतीवरचं पायाच्या हाडांचं चित्र बघत बसलो.

पुन्हा मणी भरले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "असं का केलंस?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर पाय गेला असता. माझं काय गेलं?"

एक बोट गेलं, पाय राहिला. तीन महिने दर खेपेला नर्स बजावायची, "मावशी, आत हात नाही हं घालायचा!" बायको हसून मान डोलवायची.

आज शेवटची पट्टी निघाली. जखम पूर्ण भरलीय. शेजारच्या पेशंटच्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हीही मणी धुऊन टाकू नका हो, या मावशींसारखं." सगळे हसले. बायकोही हसली. आता मला कसली भीती? पाय तर वाचला होता.

"डॉक्टर," मी म्हणालो.

"बोला काका."

"बूट... कधीपासून घालू?"

"आजपासूनच घाला."

बायको माझ्या पायाशी बसली. तिने बुटात हात घातला आणि टाचेपासून टोकापर्यंत फिरवला. मग दुसऱ्यांदा फिरवला. माझा पाय अलगद आत सरकवून तिने नाडी बांधली आणि वर बघून विचारलं, "कुठे चावत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.