मला कुलपातच राहू द्या

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. दचकू नका मित्रांनो, माझ्या पोटात आता काडतूस नाही.

लोखंड तापवून माझ्या नळ्या घडवल्या, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला आणि माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्याने गोदामाच्या राखणीसाठी मला विकत घेतले. तेव्हा माझा थाट काय वर्णावा! खंडेनवमीला हत्यारांची पूजा होई, तेव्हा पहिले हळदकुंकू मला. झेंडूची माळ घालून मी अशा ऐटीत बसे, जणू कारखाना माझ्याच जिवावर चालतो. खरे तर इतक्या वर्षांत मी साधा उंदीरही मारला नव्हता.

मग दुष्काळ पडला. धरणाच्या तळाला भेगा पडल्या, ऊस वाळला, धुराडे थंड झाले. माणसे कोयते घेऊन परमुलखात ऊसतोडीला गेली. मागे मी उरले आणि माझा राखणदार शहादेव. तो लष्करातून निवृत्त होऊन आलेला. डोंगरावरच्या एका चौकीत त्याच्या जोडीदाराने त्याच्या मांडीवर प्राण सोडला होता. गावात तो हे कुणाला सांगत नसे. मला पुसता पुसता मात्र त्याचे हात मध्येच थांबत.

त्या वर्षी बॉयलर पेटणार नव्हताच, तरी चेअरमन भगवानरावांनी गावात उरलेल्यांना जमवून खंडेनवमी थाटात करायची ठरवली. "फौजी, हवेत एक बार काढ. कारखान्याची इज्जत ऱ्हाऊ दे."

शहादेवने मला खांद्याला लावले. पण बार निघालाच नाही. त्याने मला खाली ठेवले आणि तो पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन डोके झाकून बसला.

"फौजी भ्याला बे!" कुणीतरी ओरडले आणि सगळे हसले.

त्या दिवसापासून शहादेव बोलेनासा झाला. भगवानराव मनाने वाईट नव्हते, त्यांना चुटपुट लागली. आमच्याकडे माणूस खचला की त्याला मान देतात, फेटा बांधतात. भगवानरावांनी मलाच त्याच्या घरी पाठवले. "घरीच ठेव बाबा. हत्यार हाताशी असलं की गड्याला जोर येतो." मायेपोटी केलेली, पण फार मोठी चूक होती ती.

मी त्याच्या खाटेजवळच्या खुंटीला लटकले. मित्रांनो, माझ्याकडे बघणाऱ्यांच्या नजरा मला कळतात. चोराची वेगळी, पोरांची वेगळी. शहादेव माझ्याकडे असा बघायचा, की मला माझ्याच लोखंडाची भीती वाटू लागली. पाय असते तर मी पळून गेले असते.

त्याच्या बायकोने, सुभद्राबाईने, एक डॉक्टर घरी आणले.

"झोप लागते का?"

"ठीक हाय साहेब."

"जेवण?"

"ठीक हाय साहेब."

गोळ्या देऊन ते गेले. 'मला बरे नाही' असे साहेबाला सांगणारा फौजी अजून जन्मायचा आहे!

पण सुभद्राबाई हट्टी. ती थेट अंबाजोगाईला गेली आणि केंद्रे डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. लष्करातल्या माणसांच्या मनाचे दुखणे कसे ओळखावे, याचे शिक्षण त्या नुकत्याच घेऊन आल्या होत्या. त्या खाली घोंगडीवर बसल्या. बराच वेळ पलटणीच्याच गोष्टी काढल्या आणि मग सरळ विचारले, "शहादेवभाऊ, जीव द्यावा असं मनात येतं का?"

"अवं बाई, असं इपरीत कावून बोलता?" सुभद्राबाई कळवळली.

"विचारल्यानं तो विचार येत नसतो, ताई. आधीच आलेला असला आणि कुणी विचारलंच नाही, तर माणूस त्याच्याशी एकटाच झुंजत राहतो."

शहादेवची मान खाली गेली. "येतंय," तो म्हणाला. "रोजच येतंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. 'बंदूक द्या' म्हटले असते तर तो बिथरला असता. त्यांनी विचारले, "पलटणीत ड्युटी संपली की हत्यार कुठं जातं?"

"कोतात जमा." कोत म्हणजे हत्यारांची कुलपातली खोली.

"मग जमा करा. तुमची ड्युटी संपलीय."

शहादेव ताठ उभा राहिला. मला खुंटीवरून काढले, उघडून दोन्ही नळ्यांत डोकावून पाहिले. "खाली हाय," असे म्हणून त्याने मला बाईंच्या हाती सोपवले. मग तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. सुभद्राबाईने त्याचे डोके छातीशी धरले.

बाईंनी भगवानरावांना बोलावून मला पोलीस ठाण्याच्या कपाटात जमा करायला लावले. शहादेव अजून एसटीने अंबाजोगाईला जातो. अजूनही झोपेतून ओरडत उठतो म्हणे. पण उठतो, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.

मित्रांनो, सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, जपा. मी सांगते, मला गंजू द्या. तुमच्या घरात कुणी सारखे 'ठीक हाय' म्हणत असेल, तर त्याच्याजवळ खाली बसा आणि विचारा.

माझ्या शेजारी आणखी एक बंदूक आहे. ती पलीकडच्या गावच्या गहिनीनाथ फौजीची. त्याला कुणी विचारले नाही. ती इथे आली, पण उशिरा. आल्यापासून ती एक शब्दही बोललेली नाही.