बिनपावतीचा कर

परशुरामाचं "व्हय म्हाराजा" पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. रवळनाथाच्या देवळात काशिनाथ गावकर गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की परशुराम पहिल्या रांगेत. गावकर देवापुढे एकेक मागणं मांडायचा आणि जमलेला गाव प्रत्येक मागण्याला होकार भरायचा. पण परशुरामाचा होकार असा दणदणीत, की खाली खाडीतले बगळे उठायचे. "देवाक ऐकाक जावंक व्हया मा," तो छाती पुढे काढून म्हणायचा.

सुगंधाला मात्र हल्ली तो आवाज कानात नव्हे, दातांत लागायचा.

ग्रामपंचायतीची नोटीस आली तेव्हापासून. शिवणकाम हा तिचा धंदा, म्हणून तिच्यावर व्यवसाय कर होता. मागची सगळी थकबाकी दसऱ्यानंतर आठ दिवसांत भरली नाही, तर शिवणाचं मशीन जप्त. नवरा बोटीवर, त्याचे पैसे कधी येत, कधी नुसतीच खुशाली येई. घर चालत होतं ते त्या मशीनच्या चाकावर. लहानग्या लेकीचं, नमूचं दूध त्यावर, आणि पावसाळ्यात तिची छाती भरली की डॉक्टरही त्यावरच.

काम परशुराम द्यायचा. व्यापाऱ्याकडून शाळेच्या गणवेशांचं कंत्राट घ्यायचं, बेतलेलं कापड गावातल्या बायकांना वाटायचं, आणि मजुरी देताना रुपयामागे सहा पैसे कापून घ्यायचे, ही त्याची रीत. "सरकारी कर. तुमच्या वतीन मी भरतंय. तुमी कित्याक पंचायतीचे पायरे झिजवतात?"

कोल्हापूरच्या कॉलेजात दोन वर्षं अर्थशास्त्र शिकलेल्या सुगंधाने एकदा विचारलं होतं, "भाई, भरल्याची पावती?"

"वैनी, देव पावता मा? तो खंय पावती देता?"

बायका खिदळल्या होत्या. सुगंधाही हसली होती. पैशांपेक्षा ते स्वतःचं हसणं तिला जास्त जाळत होतं.

नमूला कडेवर घेऊन ती पंचायतीत गेली. "आमचा कर परशुराम कंत्राटदार भरतात," तिने ग्रामसेवकाला सांगितलं.

"बाई, त्यांनी स्वतःचासुद्धा भरलेला नाही."

"मग रुपयामागे सहा पैसे कापतात, तो कोणता कर?"

ग्रामसेवक चष्मा पुसू लागला. "व्यवसाय कर वर्षातून एकदा, ठरलेला. रुपयामागे कापायचा असा कर आमच्याकडे नाही. तक्रार लिहून द्या. पुरावा आहे ना?"

पुरावा! तिला वाटलं, खाली बसावं आणि हसावं. पुरावा असता तर ती फसली कशाला असती?

खंडेनवमीला तिने मशीनला झेंडूची माळ घातली. नमूने चाकावर एक फूल ठेवलं. ते घरंगळलं, तिने परत ठेवलं. पुढच्या वर्षी हे पोर कशावर फूल ठेवणार? सुगंधाने नारळ उचलला, पानाचा विडा घेतला. शेजारच्या शेवंतीला ती नमूकडे बघायला सांगणार होती, पण पोरीला दुसऱ्याकडे सोडायचा तिला धीर होईना. तिला घेऊनच ती काशिनाथ गावकराच्या ओसरीवर गेली.

काशिनाथाने सगळं ऐकून घेतलं. "घालूया गाऱ्हाणा. नाव घेवचा नाय, नाव देवाक ठावक आसता. तेच्या पोराबाळांक धरूया? तसा केल्यार शाप बेगीन लागता."

सुगंधाचा हात नमूच्या डोक्यावर गेला. "नको. पोरांक बोट लावू नको सांगा देवाक. तेकाच धरा. पण धरा असो, की सुटता नये."

काशिनाथाने तोंडाकडे नेलेलं पान खाली ठेवलं.

दसऱ्याला देऊळ भरलं होतं. पावसाचं, पिकाचं, दर्यावर गेलेल्यांचं मागणं झालं. मग काशिनाथाने आवाज चढवला.

"बा देवा रवळनाथा, तुझ्या लेकी डोळे फोडून गणवेश शिवतत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बगळे उठले.

"तेंच्या मजुरेतसून कराच्या नावान कोणी पैसो कापलो आसात, आणि सरकारात भरलो आसात, तर तेका बरकत दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" परशुरामाचा होकार अर्ध्यावर चिरकला.

"आणि भरलो नसात, बिनपावतीचो खाल्लो आसात, तर तां तेका पचां नये, तेच्या हाताक यश गावां नये, तेचो नारळ तुझ्या पायाकडे पावां नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. बगळे जागचे हलले नाहीत.

माना वळल्या. शेवंती बायकांतून ओरडली, "परशुरामभाई, घसो बसलो काय ओ?"

हशा विरला तेव्हा काशिनाथ जमिनीकडे बघत म्हणाला, "एक होकार कमी पडलो. परत सांगतंय, म्हाराजा." आणि त्याने शब्द न् शब्द परत म्हटला. या खेपेला परशुरामाचे ओठ हलले. ते सुगंधाने, खांबाला टेकून, डोळ्यांची पापणी न लववता पाहिलं.

तिसऱ्या दिवशी होडीतून उतरताना परशुरामाच्या कापडाचा गठ्ठा खाडीत गेला. चौथ्या दिवशी तो सुगंधाच्या पायरीशी उभा होता. तिने त्याला पाणी विचारलं नाही.

"वैनी, कापलेले सगळे पैसे हाडलंय. आणि ह्यो नारळ. काशिनाथ म्हणता, जेणा गाऱ्हाणा घालूक लायला तेणाच तां माघारी फिरवचा लागता. देवाकडे जावन फिरव गो."

"बाकीच्या बायकांचे?"

"दिलंय. शेवंतीक इचार."

"गावले गो!" कुंपणापलीकडून शेवंती म्हणाली.

सुगंधाने पैसे घेतले, नारळही घेतला. "बरा. फिरवतंय."

दुपारीच तिने पंचायतीत कर भरला, शिक्का मारलेली पावती मागून घेतली आणि मशीनच्या खणात ठेवली.

आठवड्याने परशुराम देवळाच्या वळणावर तिची वाट अडवून उभा राहिला. चेहरा उतरलेला. "वैनी, फिरवलंस मा? काल गाडयेचो आस मोडलो. व्यापारी पण कंत्राट दुसऱ्याक देतंय म्हणता. फिरवलंस, तां माका कळाचा कसा?"

सुगंधाने नमूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"भाई, देव पावता मा? तो खंय पावती देता?"

आणि ती पुढे चालू लागली. त्याचा नारळ तिने, तो आणून दिला त्याच संध्याकाळी फोडून, खवून बांगड्याच्या आमटीत घातला होता. नमूने दोनदा भात मागून घेतला होता.