तिऱ्हाईत व्यक्ती

"एका बाईच्या हट्टापायी माझा कागद संपत आला," वकीलबाईंचा कारकून प्रिंटरशी बोलल्यासारखा पुटपुटला. "रोज नवं कलम. उद्या म्हणतील, नवऱ्याने शिंकायचं कधी तेही लिहा."

हातभर अंतरावर बसलेल्या टेलरबाईंनी ते ऐकलं, पण मान वळवली नाही. रोज नवा बदल सुचवणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल त्या स्वतः याहून वाईट बोलत.

घटस्फोटाचा करार तसा जुळत आला होता. घर टेलरबाईंना, दरमहा पोटगी, मुलीचा ताबा आईकडे आणि शनिवार-रविवार मुलगी बापाकडे. एकाच कलमावर घोडं अडलं होतं. मुलगी बापाकडे असताना त्या घरात 'तिऱ्हाईत व्यक्ती' असू नये, असं बाईंनी घालायला लावलं होतं. ही तिऱ्हाईत कोण, ते वकीलबाईंना ठाऊक होतं, समोर बसलेल्या नवऱ्याला होतं, बाईंच्या सोबत आलेल्या दादालाही होतं. पण तिचा विषय कुणी काढत नव्हतं. काढला तर जणू दार ढकलून ती आतच येऊन बसली असती.

बाईंनी तिला एकदाच पाहिलं होतं, औषधांच्या दुकानात, काउंटरमागे. अंगात तयार घेतलेला शर्ट, तरी खांद्यांवर असा बसलेला, की जन्मभर मापं घेणाऱ्या बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि मग तो फ्रॉक. टेलरच्या लेकीच्या फ्रॉकची कड उसवलेली, आणि ती शिवायला बाईंना महिनाभर सवड नव्हती. मागच्या रविवारी मुलगी बापाकडून परतली ती कड शिवून. टाके एक लांब, एक नखाएवढा. बाईंना कोण आनंद झाला.

"ही काय शिलाई? कोंबडी चिखलातून गेली तरी याहून सरळ जाते," म्हणत त्यांनी सगळे टाके ब्लेडने सटासट उसवले. "तिला म्हणावं, सुई धरायच्या आधी डोळे तपासून घे."

मुलगी बघत राहिली. शेवटचा दोरा निघाल्यावर म्हणाली, "ते मी घातले होते, आई. तुला दाखवायला."

शिकवलं कुणी, हे विचारायची गरज नव्हती. बाईंनी पोरीला कधी सुईला हात लावू दिला नव्हता. टोचेल, कापड बिघडेल, गिऱ्हाइकाचं आहे ते. त्यांनी कड मशीनवर पटकन मारून दिली, अगदी सरळ. मुलीने तो फ्रॉक पुन्हा घातला नाही. दुसऱ्याच दिवशी बाई इथे येऊन ते कलम लिहवून गेल्या.

"मुलीच्या मनावर वाईट परिणाम होतो, असं कारण दिलंय," वकीलबाई म्हणाल्या. "बरोबर ना?"

"शंभर टक्के," दादा म्हणाला. भाची कितवीत आहे हे त्याला सांगता आलं नसतं. "पोरीचं मन कोवळं असतं."

बाईंनी नवऱ्याकडे न पाहता पदर खोचला. तो भांडणार, म्हणून आठवडाभर त्यांनी उत्तरं घासूनपुसून ठेवली होती.

"मान्य आहे," नवरा म्हणाला. "शनिवार-रविवार ती तिच्या बहिणीकडे जाईल. मी सांगेन तिला."

एकही उत्तर कामी आलं नाही. वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. बाईंनी पेन उचललं आणि कितीतरी दिवसांनी सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, शनिवारी पोरगी तुमच्याकडे आली, की आधी काय विचारते?"

तो बुटांकडे बघत राहिला. "जाऊ दे ना."

"सांगा."

"विचारते, कुठंय ती."

"अगं, तू कर सही," दादा घाईने म्हणाला. "जिंकलीस तू. आता कशाला उकरून काढतेस?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"हे कलम काढा," त्या वकीलबाईंना म्हणाल्या.

प्रिंटरपाशी कारकुनाने कपाळाला हात लावला.

"काढते. पण मग मुलीच्या मनावरचा परिणाम?"

"तिच्या मनाला काही झालेलं नाही. जळते मी." बाईंचा आवाज नेहमीचाच होता, गिऱ्हाइकाला माप सांगताना असतो तसा. "माझ्या पोरीला ती आवडते."