सोड म्हणाला म्हणून

कुऱ्हाड खोक्यावर बसली आणि पुठ्ठा उभा फाटला. दुसरा घाव आतल्या मोटरवरच पडायचा, पण धाकट्यानं दांडा मधेच धरला आणि दोघे भाऊ माझ्या अंगणात, मी नुकत्याच पसरलेल्या जाळ्यावर, एकमेकांच्या उरावर बसायला धडपडू लागले. मी जाळी सांधून पोट भरते. दिवसभर पाठ मोडून शिवलेलं जाळं त्यांनी टाचांनी पुन्हा फाडलं, तेव्हा मी भरलेली बादली उचलली आणि दोघांच्या डोक्यावर ओतली. कुत्री सोडवायची ती रीत, पण यांना लागू पडली.

"काकू, सांग याला," थोरला धापा टाकत म्हणाला. "माझे हात अजून शाबूत आहेत. मी मेल्यावर लाव म्हणावं मोटर."

"वल्हवून वल्हवून मरशीलच की," धाकटा म्हणाला. ओठ फुटला होता तरी याचं तोंड चालूच. "खांदा दुखतो म्हणून भिंतीला डोकं आपटतोस, ते काय आम्हाला ऐकू येत नाही?"

थोरल्यानं त्याच्या थोबाडीत भडकावली. त्या घरात खरं बोलणाऱ्याला हेच बक्षीस.

भांडणाचं मूळ पाण्यात होतं. आमच्या तळ्यात जुना पूल बुडालेला आहे. त्याच्या कमानींमध्ये मासा राहतो, बाकी तळ्यात नुसती शेवाळ. नियम असा, की सकाळी जो पुलावर आधी दगड टाकेल, म्हणजे दोरीला बांधलेला दगड सोडून नाव उभी करेल, त्याची ती जागा दिवसभर. पलीकडच्या काठावर मिश्या म्हणून एक कोळी आहे, त्यानं डिझेलचं इंजिन घेतलं आणि त्या दिवसापासून पूल त्याच्या बापाचा झाला. भावांचा तराफा म्हणजे बंद पिंपं टोकाला टोक जोडून केलेल्या दोन रांगा, वर फळ्या आणि थोरल्याची वल्ही. ते पोचेपर्यंत मिश्या दगड टाकून विडी ओढत बसलेला असायचा. वर विचारायचा, "काय रे, हवा खायला आलात?"

मासाच मिळेना, तेव्हा धाकटा दूरच्या एका मळ्यावर पाणी द्यायच्या कामाला गेला. काही वर्षं तिथं पंपाच्या खोलीत झोपला आणि परत आला तो ही बॅटरीवरची मोटर घेऊन. घर पुन्हा पाण्यावर चालवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. पूल हातात आला तर दोघे भाऊ घरी राहणार, नाही तर तो कायमचा मळ्यावर. हे थोरल्यालाही कळत होतं. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला स्वतःचं घरही दिसत नाही.

शेवटी शेजारच्या त्यांच्या घरातून वहिनी बाहेर आली. थोरल्याची बायको. मासे साफ करत होती, कोपरापर्यंत हात लाल. हातात सुरी असताना तिला कुणी उलट बोलत नसे.

"मोटर लागणार," ती म्हणाली. "ज्याला तोडायची असेल त्यानं आधी मला तोडावं."

दुपारी धाकट्यानं मागच्या आडव्या फळीला लोखंडी पट्टी ठोकली आणि दोन रांगांच्या मधोमध पंखा पाण्यात सोडून मोटर अडकवली. वर एक दांडा, दांड्याला मूठ. मूठ पिळली की पंखा फिरतो. बॅटरी त्यानं पायाशीच मागं ठेवली. थोरला पाठ करून बसला होता, पण मान वळवून वळवून बघत होता. तराफ्याचं बूड मागं दबलं तसं त्याला राहवेना.

"गाढवा, सगळं वजन मागं ठेवून पुढचं तोंड आभाळाला लावणार आहेस का?" तो तरातरा आला, बॅटरी उचलली आणि पुढच्या फळीवर माशांच्या क्रेटमध्ये बसवली. "वायर लांब घे. आणि ती मूठ तूच धर. मी हात लावणार नाही."

मला हसू आलं. त्याची परवानगी अशीच असते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धुकं होतं आणि वारा अंगाला चावत होता. मी काठावरच होते. तराफा आवाज न करता निघाला, नुसती पाण्याची सळसळ. मिश्याचं इंजिन पलीकडं खोकत सुरू झालं, तोवर हे अर्ध्यात पोचले होते. थोरल्यानं पुलावर दगड टाकला आणि असा ओरडला की झाडावरचे बगळे उडाले. किती वर्षांनी मी त्या माणसाचा असा आवाज ऐकला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

तोवर धुकं विरलं होतं, काठावरून सगळं दिसत होतं. मिश्यानं इंजिन बंदच केलं नाही. सरळ आला आणि नावेचं नाक तराफ्याच्या कुशीत घातलं. पिंपं घणघणली. हे जाळं सोडत होते, ते अर्धं पाण्यात, अर्धं फळीवर.

"दगड उचल!" मिश्या ओरडला.

"नियम तुझा तूच सांगत होतास ना?" थोरला म्हणाला.

मिश्यानं आकड्याची काठी उचलली आणि थोरल्याच्या बरगडीत हाणली. थोरल्यानं वल्ह्यानं त्याचं कपाळ फोडलं. रक्त डोळ्यात गेलं तसा मिश्या आंधळ्यासारखा काठी फिरवू लागला. एक तडाखा थोरल्याच्या कानाखाली बसला आणि तो जाळ्यासकट मागच्या बाजूला पाण्यात गेला. पडताना जाळ्याची दोरी त्याच्या उजव्या हाताला गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक पंख्यात गेलं. धाकट्यानं तेवढ्यात मिश्यापासून लांब व्हायला मूठ जराशी पिळली होती. दोरी पंख्यावर चढू लागली आणि थोरल्याचा हात तिकडं ओढला जाऊ लागला.

"सोड!" थोरला किंचाळला. "सोड! अरे सोड!"

काठावर मला स्पष्ट ऐकू आलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत धाकट्यानं मूठ पार शेवटपर्यंत पिळली.

पुढचं सांगवत नाही, पण सांगते. पाणी लाल झालं. थोरला एकदा वर आला तेव्हा त्याच्या तोंडातून आवाजच निघत नव्हता. धाकट्यानं त्याला केसाला धरून वर घेतलं आणि आपला सदरा फाडून हाताला बांधला. मिश्या ते बघून इंजिन फिरवून पळाला. दवाखान्यातून थोरला आला तेव्हा उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधलं सगळं गेलेलं.

लोकांना काय, तोंडाला कुलूप नाही. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं, बाकीचे न बघताच बोलले. कुणी म्हणालं, तराफा एकट्याचा व्हावा म्हणून केलं. कुणी म्हणालं, कुऱ्हाडीचा राग काढला. थोरला ओट्यावर बसून ऐकायचा आणि भावाकडं बघायचाही नाही. धाकटा त्याचं जेवण आणून ठेवायचा, तो ताट पायानं लोटायचा. एकदा ताट सरळ धाकट्याच्या छातीवर आदळलं. धाकट्यानं भात वेचला आणि दुसरं ताट आणलं.

टाके निघाले त्या दुपारी थोरला वल्हं घेऊन काठावर आला. डाव्या हातानं. धाकटा तराफ्यावर वाकून पंख्यातली दोरी कापत होता.

"मी सोड म्हणालो होतो," थोरला म्हणाला.

"हो."

"ऐकलं होतंस?"

"ऐकलं म्हणून तर..."

वल्हं त्याच्या डाव्या खांद्यावर पडलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा तडाखा पाठीत. तिसरा मांडीवर. धाकट्यानं हात वर केला नाही. "मार दादा," तो म्हणाला. "पण मुद्दाम नव्हतं रे." मी ओरडले, धावले, पण माझे गुडघे माझं ऐकत नाहीत. वहिनी माझ्या पुढून गेली आणि नवऱ्याच्या कमरेला अशी मिठी घातली की दोघंही चिखलात पडली.

तिनं उठून धाकट्याला विचारलं, "तुला नेमकं काय ऐकू आलं?"

"सोड."

"मग?"

"मग सोडली." तो रडत होता. "तिकडं मालक बांधावरून ओरडायचा, सोड, की मी बटण दाबायचो. पंप सुरू, पाणी सुटलं. दिवसातून कितीदा! दोरी पंख्यात गेलेली दिसलीच नाही. वाटलं, दादा म्हणतोय मोटर सोड, मला ओढून बाहेर काढ."

वहिनीचं माहेर शेतकऱ्याचं. "माझ्या बापाच्या घरी सोड म्हणजे चालूच कर," ती म्हणाली. "आणि इथं सोड म्हणजे हातातलं टाक. देवा रे."

थोरला चिखलात बसून भावाच्या लोंबत्या हाताकडं बघत राहिला. माफी वगैरे मागणं त्याच्या रक्तात नाही. तो नुसता हुंदके द्यायला लागला, आणि एवढा दांडगा माणूस तसा रडताना बघणं मारामारी बघण्यापेक्षा वाईट असतं.

आता घरात दोन बाप्ये, आणि वल्हं धरायला दोघांत मिळून एक माणूस नाही. मोटरीवर चिडून कुऱ्हाड उचलणाऱ्याला मोटरीशिवाय दुसरा आधार उरला नाही. धाकट्याचा हात झोळीत, थोरल्याच्या हाताला फडकं. तरी काही दिवसांनी पहाटे दोघे तराफ्यावर चढले आणि मूठ कुणी धरायची यावर तिथंच जुंपली.

"सरका," वहिनी म्हणाली. पदर खोचून ती मागच्या फळीवर बसली आणि मूठ पिळली.

पुलावर तिनं स्वतः दगड टाकला. मिश्या आलाच, कपाळावर त्या खोकेचा वण. या वेळी त्यानं नाव लावली आणि तराफ्याची कड हातानं धरून उलटवायला लागला. "बाई, बाजूला हो," म्हणाला. वहिनीनं वल्हं उचललं आणि त्याच्या बोटांवर घातलं. एकदा नाही, तो बोंबलत हात काढून घेईपर्यंत. "माझ्या घरातली बोटं गेली," ती ओरडली, "आता तुझी मोजून ठेव!" मिश्याची नाव फिरली.

मग जाळं ओढायची वेळ आली. जाळं जड होतं, किती दिवसांनी जड होतं. थोरल्याचा डावा हात चांगला आणि धाकट्याचा उजवा. दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि एका माणसासारखं ओढू लागले. मागून वहिनी शिव्या घालत होती, आणि दोघेही मुकाट ऐकून घेत होते.