चौथं वळण

केसलर खिंडीच्या पायवाटेवर सायकल आलीच तर ती माझ्या अंगावरून जाईल, असं वेंडेल क्राउझ गेली एकतीस वर्षं सांगत आला होता. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी हे बोलणं शब्दशः खरं व्हायची वेळ आली, आणि तीही त्याच्या पोटच्या मुलीच्या सायकलीखाली.

पायवाट कागदोपत्री प्रांताच्या उद्यानाची. पण ती खोदली वेंडेलने आणि त्याच्या बुधवारच्या चालणाऱ्या मंडळींनी, कुदळ-फावड्याने, दर उन्हाळ्यात थोडी थोडी. खाली लार्च वृक्षांचं रान, वर उघडं कुरण, त्यातून अकरा वळणं घेत वाट खिंडीत पोचते. तिथे बिळांत राहणारे, शीळ घालणारे मार्मट सोडले तर आवाज नाही. हा न-आवाज वेंडेलचा जीव की प्राण होता. बायकोने एकदा चिडून विचारलं होतं की मी आणि खिंड दोघी बुडत असलो तर आधी कोणाला काढशील. त्याने विचार करायला जो वेळ घेतला, त्याबद्दल ती अजून टोमणे मारते.

आणि ब्रिन त्याचीच मुलगी. तिलाही हाच डोंगर हवा होता, फक्त दोन चाकांवरून. गावातल्या सायकलवाल्यांची ती पुढारी. बापलेक एका टेबलावर जेवत, एकमेकांना बटाटे वाढत, आणि उद्यानाच्या बैठकीत एकमेकांवर तुटून पडत.

"तुम्ही लोक निदान घंटी तरी लावा," तो म्हणायचा.

"घंटी लहान पोरांच्या सायकलीला असते, बाबा."

"मग माणसाला कळायचं कसं की मागून मरण येतंय?"

शेवटी उद्यानाच्या रेंजरबाई, आनूक देशेन, या दोघांना कंटाळल्या. त्यांनी एक दिवस परीक्षेचा ठरवला. बारा सायकली खिंडीतून खाली येतील, चालणारे नेहमीसारखे वर जातील. सायकल वाट सोडून कुरणात गेली किंवा कोणी पडलं, की दहा वर्षं सायकलीचं नाव काढायचं नाही. सगळं सुरळीत झालं तर विषम तारखा सायकलींना मोकळ्या. वेंडेलने त्यात स्वतः एक ओळ घालायला लावली होती: वाट सोडणारं चाक असो की बूट, ज्याचं असेल ती बाजू हरली. बूट हा शब्द त्याने निव्वळ मोठेपणा म्हणून घातला होता. चालणारी माणसं वाट सोडत नाहीत, हे त्याच्या दृष्टीने सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. त्या कुरणात एक बूट पडला की ते गवत भरून यायला वीस वर्षं लागतात. फोटोसाठी फुलांत उभ्या राहिलेल्या एका नवरीला त्याने भर लग्नात दगडावरून दगडावर पाय ठेवत परत आणलं होतं. नवरी रडली. वेंडेलला तिचे घोटे तेवढे आठवत होते, नीट दगडावर पडलेले.

परीक्षेच्या आठवडाभर आधी सायकलवाले वाट चालून बघून गेले. त्यांची तक्रार एकच. बर्फाचं पाणी वाटेवरून धावू नये म्हणून वेंडेलने ठिकठिकाणी तिरपे ओंडके पुरले होते. पाणी त्यावर आपटून बाजूला वळतं. पण ओला, तिरपा ओंडका म्हणजे सायकलीच्या पुढच्या चाकाला साबण. बाकीचे चालतील, चौथ्या वळणाचा मात्र काढा, असं ब्रिनने लेखी दिलं. तिथे वेग असतो, आणि ओंडक्याच्या पलीकडे नुसती दगडांची घसरण.

आनूकबाईंनी काम अर्थातच वेंडेलला दिलं. त्यानेही मनात काही न ठेवता ते केलं. ओंडका उपटला, त्या जागी मातीचा पसरट खळगा केला, वरून दगड चेचून बसवले. शत्रूसाठी केलेलं असलं तरी काम बघत राहावं असं झालं होतं.

परीक्षेच्या सकाळी तो तिथेच बसला होता, नारिंगी जाकीट घालून, थर्मासमधली कॉफी पीत. रात्री दहिवर गोठलं होतं आणि आता सगळं वितळून निथळत होतं. लार्च पिवळेधमक झाले होते. पावणेअकराला खालून यारेक आला. यारेक म्हणजे ब्रिनच्या टोळीतला सायकल दुरुस्त करणारा. सायकलवाल्यांत कोणीतरी एक कायम प्लास्टरमध्ये असतोच. या महिन्यात यारेकची पाळी होती, म्हणून त्याला सायकलीऐवजी पहारा मिळाला होता. पहारे मोजकेच होते, आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजूंचा एकेक माणूस, असा नियम होता.

"वाह, वेंडेलकाका!" काठी टेकत यारेकने खळगा न्याहाळला. "काय सुरेख केलंय हो! हे पण केलंत?"

"हे पण म्हणजे?"

"चौथ्याचं केलंतच, वर हे आठव्याचंही."

"यारेक, डोकंही आपटलं होतं का रे? हे चौथं."

"काका, हे आठवं." यारेक हसत वर बघून बोटांनी मोजू लागला. "एक, दोन, तीन, ते तिकडे चौथं..."

दोघांचंही हसणं एकदमच थांबलं.

वेंडेलने जन्मभर वळणं खालून मोजली होती. कुदळी, पहारी, दगड, सगळं पाठीवर घेऊन जो खालून वर जातो, त्याचं पहिलं वळण खालचंच असतं. आणि सायकलवाल्यांचं पहिलं वळण वरचं, कारण त्यांची मजा तिथून सुरू होते. कोणी खोटं बोललं नव्हतं, कोणी आळस केला नव्हता. चौथं वळण दुरुस्त झालं होतं आणि चौथं वळण तसंच होतं, ओलं, तिरपं. अकरा वाजता ब्रिन सर्वांत पहिली सुटणार होती, ते दुरुस्त झालंय या भरवशावर, पूर्ण वेगात. सायकली मागच्या बाजूच्या रस्त्याने खिंडीत चढवल्या होत्या, त्यामुळे तो ओंडका आज सायकलवाल्यांपैकी कोणाच्या नजरेसही पडला नव्हता.

"वॉकीटॉकी!"

यारेकच्या हातात ती आधीच होती. "खिंड, खिंड, ऐकू येतंय का? ब्रिनला थांबवा!" नुसती खरखर. मध्ये कडा होता. खाली गाड्यांच्या तळावर आनूकबाईंना ऐकू गेलं, पण त्यांनाही वरचं कोणी लागेना.

"वाजले किती?"

"दहा पन्नास."

वाटेने वर जायचं तर आणखी चार वळणं, पंचवीस मिनिटं. तरण्याताठ्याला वीस. यारेकने आपल्या प्लास्टरकडे बघून एक कचकचीत शिवी दिली.

वेंडेलने वर पाहिलं. समोर कुरण होतं. सरळ, उभं, दहिवराने चमकणारं. त्यातून गेलं तर दहा मिनिटं.

"काका," यारेक हळूच म्हणाला, "तुम्ही..."

वेंडेलने वाट सोडली.

पहिलं पाऊल पडलं तेव्हा बुटाखाली शेवाळ करकन दबलं आणि त्याच्या काळजात चर्र झालं. दुसऱ्या पावलाला तेवढं झालं नाही. दहाव्याला तो मोजायचंच विसरला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, एक गुडघा कामातून गेलेला, हातांनी झुडपं धरत, निळ्या फुलांत बूट रोवत, वेड लागल्यासारखा चढत होता. छाती भात्यासारखी चालली होती. वाटेचा एक पट्टा त्याने ओलांडला, मग दुसरा. मार्मट शिट्ट्या घालून एकमेकांना सांगत सुटले. त्याला स्वतःचाच ओरडण्याचा आवाज ऐकू येत होता, "ब्रिन! ब्रिन!" पण वारा ते सगळं उलट खाली नेत होता, जिथे ऐकून उपयोग नव्हता.

तिसऱ्या पट्ट्यावर तो पालथा पडला, उठला, चष्मा गेला, जाऊ दे म्हणाला. आणि तेवढ्यात वरून तो आवाज आला. खड्यांवर सरसरणारी चाकं. ज्या आवाजाविरुद्ध त्याने एकतीस वर्षांत चाळीस पत्रं लिहिली होती.

शेवटचे वीस हात तो कसा चढला, त्याचं त्यालाच माहीत नाही. ओंडका दिसला, काळाकुळकुळीत, ओला. त्यावरून तो पलीकडे गेला आणि वाटेच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला. वळणावरून ब्रिन आली. अंगाला लागून झोपलेली सायकल, दातांवर माती, आणि तोंडभर हसू. चष्मा नसतानाही ते हसू त्याला दिसलं. लहानपणी ती बर्फावरून घसरगुंडी खेळायची तेव्हा असंच हसायची.

मग तिला तो दिसला.

ब्रेक किंचाळले. मागचं चाक डावीकडे सरकलं, उजवीकडे सरकलं, पण वाट सोडली नाही. खडे उडून त्याच्या नडग्यांवर आले. पुढचं चाक त्याच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबलं.

"बाबा!!" ती ओरडली. "अरे, वेडा आहेस का तू? घंटी तरी वाजवायची!"

त्याने नुसतं मागे बोट दाखवलं. ब्रिनने ओंडका पाहिला, ओंडक्याच्या पलीकडची घसरण पाहिली. हसू उतरलं. तिने सायकल आडवी केली आणि वाटेवरच बसकण मारली.

"पण... चौथं केलंस ना तू?"

"खालून," वेंडेल धापा टाकत म्हणाला. "खालून चौथं."

ब्रिनने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मग खो खो हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि त्याचा चिखलाने भरलेला हात धरून ठेवला. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून खाली गेली. कुरणात एक सरळ रेघ उठली होती. उलथलेलं शेवाळ, चेपलेली फुलं, एकामागून एक खड्डे, थेट यारेकपर्यंत.

"हे तू...?"

"हो."

"बाबा, यारेक काही बोलणार नाही. मी त्याला सांगते. आणि असा प्रसंग धरतात का कधी? हा काय नियम मोडणं झालं?"

"पुढची सायकल किती वेळात येईल?" वेंडेलने विचारलं.

"तीन मिनिटांत."

"मग ऊठ आणि ही उचलून पलीकडे ने."

त्यानंतर तासभर केसलर खिंडीत कोणी पाहिलं नसेल असं दृश्य होतं. सायकलींचा जन्माचा वैरी वेंडेल क्राउझ चौथ्या वळणावर रहदारीचा पोलीस झाला होता. हात वर करून एकेकाला थांबवायचा, उतरवायचा, ओंडक्यावरून सायकल पलीकडे न्यायला मदत करायचा. "आभारी आहे, काका!" "जपून जा रे, पुढचं वळण निसरडं आहे!" अकराही जणांना त्याने असं सोडलं. आणि खरं सांगायचं तर सातव्या-आठव्यापासून त्याला ते आवडायला लागलं होतं. प्रत्येकाच्या तोंडावर तेच हसू. ही माणसं डोंगरावरून धावत नव्हती, डोंगरावर खूश होती, आणि हे त्याला इतक्या वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं.

खाली येताना मात्र तो वाटेनेच आला, सगळी वळणं घेत. जिथे जिथे त्याची रेघ वाटेला छेदत होती तिथे तो थांबला आणि वाकून मोजत राहिला.

तळावर दोन्ही बाजू जमल्या होत्या. लोण्याच्या टार्टचे डबे उघडले होते, पण कोणी हात लावत नव्हतं. आनूकबाईंनी कागद वाचला. सायकली बारा. पडलेले शून्य. वाट सोडलेली चाकं शून्य. सायकलवाल्यांनी हेल्मेट हवेत उडवली.

"थांबा," वेंडेल म्हणाला. "माझ्या ठिकाणचा कागद राहिलाय."

त्याने तो दिला. आनूकबाईंनी मनात वाचला, वर पाहिलं, मग मोठ्याने वाचला. "वाट सोडलेले बूट: एकशे सदतीस पावलं, दिसली तेवढी. नाव: वेंडेल क्राउझ."

बुधवारच्या मंडळींतला सत्तरीचा गार्नेट तडकला. "मूर्खा, हे मांडायचं कशाला? पोरीचा जीव वाचवत होतास तू! कोणीही गेलं असतं!"

"मीही तेच म्हणते," ब्रिन पुढे झाली. "हे धरू नका, बाई. आम्हाला असं जिंकायचं नाही."

"धरायचं," वेंडेल म्हणाला. "मी का गेलो ते गवताला कुठे कळतंय? नियम माझा आहे. बारा सायकलींनी मिळून जे केलं नाही, ते मी एकट्याने केलं. जा, विषम तारखा घ्या आणि ते टार्ट वाटा, मला भूक लागली आहे."

गार्नेट त्याच्याशी तीन आठवडे बोलला नाही. बायकोने मात्र त्या संध्याकाळी त्याला स्वतःहून दोन बटाटे जास्त वाढले. बुडण्याचा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही.

पुढच्या विषम तारखेला वेंडेल पहाटेच फावडं आणि पहार घेऊन निघाला. वरचा ओंडका काढायचा होता आणि रेघेवर उलथलेली ढेकळं पुन्हा बसवायची होती, जी जगतील ती. पहिल्या वळणावर त्याला एक नवी लाकडी खुंटी दिसली. कोणीतरी नुकतीच ठोकली होती. त्यावर गरम सळईने आकडा कोरला होता. दुसऱ्या वळणावर आणखी एक.

आठव्या खुंटीपाशी ब्रिन आणि यारेक गुडघ्यावर बसून ओंडका उपटत होते. बाजूला तिची सायकल आडवी पडली होती, आणि तिच्या दांड्याला पितळेची एक घंटी होती. वेंडेलने घंटीकडे पाहिलं. त्याने खुंटीवर हात ठेवला. आठ.

"हे खालून मोजलंस," तो म्हणाला.

"हो," ब्रिन मान वर न करता म्हणाली. "वाट खोदली कोणी? चल, पहार दे इकडे."

वेंडेलने पहार दिली आणि तिच्या शेजारी गुडघे टेकले. दुखरा गुडघाही.